रस्त्यापलीकडचं कुरण

त्या वर्षी खालचं कुरण असं काही आलं होतं, की ताई रोज सकाळी चहाचा कप घेऊन फाटकाशी जायची आणि नुसती बघत उभी राहायची. भाऊ गोठ्यातून ओरडायचा, "अगं, तुझीच नजर लागेल त्याला! ये आत, चहाचं पाणी झालं असेल."

घरात बहीण-भाऊ दोघंच. ताईने लग्न केलं नव्हतं. भाऊने केलं होतं, ते टिकलं नव्हतं. आईवडील गेल्यावर दोघांनी न बोलताच कामं वाटून घेतली. धारा, दुधाची टाकी, वासरं, टँकरवाल्याशी रोजची हुज्जत हे भाऊकडे, आणि गवत ताईकडे. "गायी माझ्या, पोट तिच्याकडे," असं भाऊ आल्यागेल्याला सांगायचा. लहानमोठी धरून चाळीसेक जनावरं होती.

जमिनीचे दोन तुकडे होते आणि मधून डांबरी रस्ता जात होता. रस्त्याच्या वरच्या अंगाला घर, गोठा आणि चराईचे सहा पट्टे. खालच्या अंगाला एकच मोठं कुरण, थेट ओढ्यापर्यंत उतरत गेलेलं. पट्ट्यापट्ट्यांमध्ये ताईने हलकी वीज सोडलेली झटक्याची तार ओढली होती. गुरं एका पट्ट्यात सोडायची, तो खाऊन झाला की तार सरकवून पुढच्यात, आणि मागच्याला पुन्हा तोंड लावू द्यायचं नाही. गवत तिच्या गमबुटाच्या वरच्या शिवणीला टेकलं की मगच गुरं आत. त्याआधी भाऊने कितीही गयावया केली तरी नाही.

"चार दिवस आधी सोडलं तर आकाश कोसळणार आहे का?" तो म्हणायचा.

"आकाश नाही. गवत. वरून पान गेलं की खाली मूळही आखडतं. ते सावरायच्या आत परत ओरबाडलं, तर उरतं काय?"

वसंत सरता सरता वरचे पट्टे दमायचे. तेव्हा सगळी गुरं रस्ता ओलांडून खाली न्यायची, आणि ती खाली असेपर्यंत वरच्या पट्ट्यांनी अंग धरायचं. सगळं गणित त्या एका ओलांडण्यावर बसवलेलं. त्या दिवशी भाऊ रस्त्यावर लाल फडकं घेऊन गाड्या अडवायचा आणि सगळ्यांत पुढे मुकादमीण चालायची. ही एक थोराड, पांढऱ्या कपाळाची गाय. भाऊनेच तिचं नाव ठेवलं होतं, कारण कळपातलं कुणी मागे रेंगाळलं की ती वळून त्याला शिंगाने ढोसायची.

यंदा ओलांडायचं सोमवारी ठरलं होतं. शनिवारी गुरांची डॉक्टर आली.

ती नेहमी गाडी थेट गोठ्याच्या दारापर्यंत आणायची आणि उतरता उतरताच चहा मागायची. त्या दिवशी गाडी फाटकाबाहेर थांबली. अंगात पांढरा कागदी झगा, पायांत गमबूट. तिने गाडीतून एक टब काढला, त्यात औषध ओतलं आणि स्वतःच त्यात उभी राहिली. ताई तिच्याकडे निघाली तशी ती म्हणाली, "तिथेच थांबा, ताई. मी चक्कीवाल्याकडून आलेय."

चक्कीवाला म्हणजे ओढ्यापलीकडचा शेजारी. त्याच्या आजोबांची पिठाची चक्की होती. चक्की केव्हाच मोडीत निघाली, पण नाव राहिलं. त्याच्याकडेही यांच्याइतकीच गुरं.

"काय झालं?"

"लाळ्या-खुरकूत. परवा एका गाईच्या तोंडातून लाळ गळत होती. आज अकरा लंगडतायत."

भाऊ गोठ्यातून हात पुशीत आला. डॉक्टरने दोघांना समजावून सांगितलं. आजपासून या भागात कोणतंही जनावर जागचं हलवायचं नाही. विकायचं नाही, आणायचं नाही, रस्त्यावर काढायचं नाही. ती रोज येऊन तोंडं आणि खूर तपासणार.

"सोमवारी आमची खाली न्यायची आहेत," ताई म्हणाली.

"नाही नेता येणार."

"अहो, रस्ता ओलांडायचाय फक्त. इथून तिथे."

"तेवढंही नाही. खालचं कुरण ओढ्याला लागून आहे. ओढ्याच्या त्या काठावर चक्कीवाल्याची गुरं पाणी पितात." ती जरा थांबली. "प्यायची. रोग पसरू नये म्हणून उद्या ती सगळी मारावी लागणार आहेत."

मग भाऊ म्हणाला, "बरं, गुरं नको. गवत कापून इकडे आणतो. ते तर लंगडत नाही ना?"

डॉक्टर हसली नाही. "ते गवतही संशयात आहे, भाऊ. रोगाचं बी ओल्या गवतावर बरेच दिवस टिकतं. मी वर विचारून बघते, पण आशा धरू नका."

"किती दिवस हे?"

"शेवटचं आजारी जनावर सापडल्यापासून मोजतात. नवीन सापडलं की पुन्हा पहिल्यापासून."

जाताना तिने फाटकाला लाल पाटी बांधली. तार पिळताना ती तिच्या हातातून दोनदा निसटली. ताईने ते पाहिलं, आणि तिच्यावर ओरडायचं जे काही मनात आलं होतं ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडून दिवसभर गोळ्यांचे आवाज येत राहिले. गोठ्यातल्या गायी कान टवकारून त्या दिशेला तोंड करून उभ्या होत्या. भाऊने धारांचं यंत्र गरज नसताना चालूच ठेवलं, तेवढाच त्याच्या घरघरीत तो आवाज बुडायचा.

वरून उत्तर आलं ते डॉक्टर म्हणाली होती तसंच. खालच्या गवताला हात लावायचा नाही.

ताईने गेल्या वर्षीची गवताची गंजी उघडली. ती जेमतेम पुरली. मग भाऊने फोनवर फोन करून कुठूनतरी गवताच्या गासड्या मिळवल्या, पण ट्रकवाला लाल पाटीचं नाव ऐकून फाट्यावरच माल टाकून पसार झाला. दोघांनी त्या ट्रॅक्टरने आणल्या. निम्म्या आतून काळ्या पडलेल्या, हात घातला की धुरळा उडायचा आणि घसा धरायचा. त्यातलं चांगलं निवडायला ताई गोठ्याच्या दारात बसायची, आणि गायी गव्हाणीवरून माना लांब करून तिच्या हाताकडे बघत राहायच्या.

शेवटी जे करायचं नव्हतं तेच करावं लागलं. पहिल्या पट्ट्यात गवत अजून घोट्यालाही आलं नव्हतं. ताईने तार काढली आणि गुरं आत सोडली. दोन दिवसांत त्यांनी जमीन खरवडून काढली. मग दुसरा पट्टा. मग तिसरा. मधे पाऊस झाला आणि खुरांनी सगळा चिखल केला. मुळं वर आली, ती पण गायींनी ओढून खाल्ली. वीस वर्षं ताईने ते पट्टे जपले होते. कुठे लसूणघास टिकतो, कुठे पाणी साचतं, कुठलं गवत उन्हाने आधी मान टाकतं, हे ती डोळे मिटून सांगायची. आता स्वतःच्या हाताने रोज एक तार सोडत होती.

"थोडी गुरं कमी करता आली असती तर..." एकदा ती म्हणाली.

"कुठे करतेस? विकता येत नाहीत, कुणाला फुकट देता येत नाहीत. मरायला सुद्धा डॉक्टरची परवानगी लागते." भाऊला स्वतःच्याच बोलण्याचं हसू आलं. मग हसता हसता तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ताई चहा करायला आत निघून गेली.

दुधाचा टँकर येईनासा झाला होता. भाऊ धार काढायचा आणि दूध गोठ्यामागच्या खड्ड्यात ओतायचा. पहिले काही दिवस तो खड्ड्याशी उभा राहून शिव्या द्यायचा. नंतर शिव्याही थांबल्या. तशीही धार रोज उतरत होती. बादली भरायची तिथे तळ झाकेना. गायींच्या फासळ्या दिसायला लागल्या, पाठीवरचे केस खरखरीत झाले. दोन कालवडी गाभण होत्या, त्यातली एक अवेळी व्याली. वासरू काही जगलं नाही.

आणि रस्त्यापलीकडे गवत वाढत होतं. गुडघ्याला आलं, मांडीला आलं, मग त्याला तुरे फुटले. वाऱ्याने सगळं कुरण एका अंगाला झुकायचं आणि परत उभं राहायचं. ताईला ठाऊक होतं की तुरा आला म्हणजे गवताचा गोडवा संपायला लागला. आज त्यात जे आहे ते उद्या नसेल. ती सकाळी फाटकाशी जायची बंद झाली. गायी मात्र जायच्या. वाऱ्याची दिशा तिकडून असली की सगळा कळप रस्त्याकडेच्या तारेशी गोळा व्हायचा आणि हंबरत राहायचा. घरात रेडिओ लावला तरी तो हंबरडा ऐकू यायचा.

असंच एकदा दुपारी चक्कीवाल्याचा फोन आला. इतके दिवस ताईच्या मनात त्याच्याबद्दल राग साचला होता. कुठून आणली असेल याने ती पीडा, वेळेवर का नाही ओळखली, असलं काय काय. दोन शब्द ऐकवायचे असं तिने ठरवूनच ठेवलं होतं.

"तुमची कशी आहेत?" त्याने विचारलं.

"उभी आहेत."

"तोंडात काही?"

"अजून तरी नाही."

"बरं, बरं." मग तो म्हणाला, "माझ्याकडे आता गवतच गवत आहे, ताई. सगळीकडे. खाणारं कुणी नाही. मी पहाटे उठतो सवयीने. उठून काय करायचं तेच कळत नाही."

ताईला ठरवलेल्या दोन शब्दांतला एकही आठवला नाही. "जेवत जा वेळेवर," एवढंच ती म्हणाली.

मुकादमीण सुटली ती एका सकाळी. रात्री पाऊस पडून गेला होता, झटक्याची तार ओल्या फांदीखाली दबली होती आणि तिच्यात वीज उरली नव्हती. भाऊ फाटकाशी गासडी सोडत होता. त्याला आवाज आला म्हणून त्याने वर पाहिलं, तर गाय तारेच्या या बाजूला. शांतपणे चालत ती रस्त्यावर आली, मधोमध थांबली आणि तिने मान वळवून मागे पाहिलं. मागची गुरं तारेला अंग घासत उभी होती. अजून एखादं पाऊल तिने टाकलं असतं, तर सगळी आली असती.

ताईने जिन्यातल्या खिडकीतून पाहिलं आणि ती होती तशी, चपलांशिवाय धावत सुटली. "भाऊ! अडव तिला!"

भाऊ जागचा हलला नाही.

"अरे, अडव!"

"जाऊ दे, ताई." त्याचा आवाज अगदी साधा होता, कुणीतरी भाजी वाढायला आल्यावर 'पुरे' म्हणावं तसा. "एकदा पोटभर खाऊ दे. मग काय करायचं ते करू देत त्यांना."

"सगळी मारतील रे! एक गेली तरी सगळी मारतील!"

"अशीही मरतायतच की."

ताईने त्याच्या शेजारी फाटकाला टेकवलेली काठी उचलली. मुकादमीण पलीकडच्या फाटकाच्या दिशेने निघाली होती, फाटकावरून गवताचे तुरे बाहेर लोंबत होते. ताई वळसा घालून तिच्या पुढे गेली, हात पसरले. गाय तिला ओळखत होती. जन्मली तेव्हा तिच्या नाकातोंडातला चिकटा ताईनेच बोटांनी काढला होता. ती थांबली नाही, ताईला बाजूला सारायला लागली, कुणी वाटेत आलेलं माणूस खांद्याने सारावं तसं. ताईने काठी मारली, आधी खांद्यावर, मग तोंडावर. इतकी वर्षं तिने कुठल्याही गाईला तोंडावर मारलं नव्हतं.

गाय दचकली आणि गर्रकन वळली. रस्ता ओला होता. तिचे मागचे पाय दोन दिशांना गेले आणि ती त्या फाकलेल्या पायांवर बसली. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. तो भाऊलाही ऐकू गेला असणार, कारण आता तो धावत आला.

दोघांनी तिला उठवायचा प्रयत्न केला. शेपटीला धरून, पोटाखाली पोतं घालून, खांदा लावून. ती पुढचे पाय टेकायची, अर्धी उठायची आणि परत बसायची. मग तिने प्रयत्न सोडला. रस्त्याच्या मधोमध ती बसून राहिली आणि थोड्या वेळाने चक्क रवंथ करायला लागली, पोटात रवंथ करण्यासारखं काही फारसं नसताना.

डॉक्टर तासाभरात आली. तिने टबात पाय बुडवले, गाईच्या मांडीवरून, कमरेवरून हात फिरवला, तोंड उघडून आत बोट फिरवलं. "तोंड स्वच्छ आहे," ती म्हणाली. "पण खुबा गेला, ताई."

"काही करता येणार नाही?"

"नाही."

"मीच मारलं तिला. तोंडावर मारलं."

"तुम्ही तिला वळवलंत. वळवलं नसतंत तर मला आज चाळीस सुया आणाव्या लागल्या असत्या."

ताईला हे पटत होतं. पटून काही उपयोग होत नव्हता. भाऊ गाईच्या डोक्याशी उकिडवा बसला होता. डॉक्टर सुई भरायला लागली तसा तो उठला आणि खालच्या कुरणाच्या फाटकाकडे गेला. दोन तुरे बाहेर लोंबत होते, ते त्याने उपटले आणि मुठीत धरून परत आला. डॉक्टरने ते पाहिलं.

"भाऊ, नाही."

"आता काय होणार आहे तिला?"

"तिला नाही. बाकीची तारेशी उभी आहेत. तुमच्या हाताला लागलं, त्याच हाताने तुम्ही धार काढणार."

भाऊने मूठ उघडली. गवत खाली पडलं. डॉक्टरने त्याला टबाकडे नेलं, त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत औषधात बुडवले आणि ती स्वतःच ते चोळायला लागली. तो लहान मुलासारखा तिला हात धुऊ देत होता. मग तिने गाईला सुई दिली. गाईने मान रस्त्यावर टेकवली, जराशी जड, आणि झालं.

त्यानंतर दोघं भावंडं एकमेकांशी कामापुरतंच बोलत. रागावलेली नव्हती. बोलण्यासारखं जे होतं ते दोघांनाही माहीत होतं.

उन्हाळा अर्धा उलटल्यावर डॉक्टर एक दिवस झग्याशिवाय आली आणि लाल पाटी सोडून घेऊन गेली. यांच्या एकाही जनावराला रोग झाला नव्हता. "तुमची वाचली," ती म्हणाली. "आजूबाजूची एवढी गेली, पण तुमची वाचली." ताईने मान हलवली. कुणी आभाराची वाट बघत असेल तर तिला ते दिसलं नाही.

त्याच दुपारी त्यांनी फाटकं उघडली. भाऊने फडक्याने एक गाडी अडवली. पण गुरं डांबराच्या कडेला आली आणि तिथेच थबकली. रस्त्यापासून मागे हाकलण्याची त्यांना इतकी सवय झाली होती, की एकही पुढे होईना. अडवलेल्या गाडीतल्या माणसाने आधी भोंगा वाजवला, मग खाली उतरून तो पण "हॅक, हॅक" करायला लागला. शेवटी ताईने बादलीत पेंड घेतली आणि उलटं चालत एकेकीला ओलांडून नेलं.

कुरणात गवत छातीइतकं होतं आणि निम्मं आडवं झालेलं. देठ काड्यांसारखे कडक, बी गळून गेलेलं, खालून कुजका वास. गायींनी शेंडे ओरबाडले, बाकीचं तुडवलं. पोटं भरली, पण दूध परत आलं नाही. एकदा आटलेली कास पुढच्या वेताशिवाय थोडीच भरते! टँकरवाल्याने थोडक्या दुधासाठी इकडे वळायला नकार दिला आणि या वेळी भाऊने त्याच्याशी हुज्जतही घातली नाही. वरच्या पट्ट्यांत गवताऐवजी काटेरी तण माजलं. ते पट्टे उभे राहीपर्यंत इतकी तोंडं पोसणं शक्य नव्हतं, म्हणून निम्म्याहून जास्त गुरं विकली. ती गाडीत चढवताना भाऊ प्रत्येकीला नावाने हाक मारत होता. पुढच्या आठवड्यात त्याने शहरातल्या एका गोदामात नोकरी धरली. "हिवाळ्यापुरती," तो म्हणाला. कपडे मात्र त्याने सगळे नेले.

आता धारा काढणं आणि तण उपटणं दोन्ही ताईकडे आलं. एका संध्याकाळी ती गोठ्यात असताना दाराशी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. चक्कीवाला होता. इतका वाळला होता की तिने आधी ओळखलंच नाही. पाय धुऊन आलो, औषधाने धुतले, असं त्याने न विचारताच सांगितलं.

"काही काम होतं?"

"नाही. काम नाही." तो दारातच घुटमळला. "जरा बसू का इथे? वास घ्यायला आलो होतो."

ताईने त्याला उलटी बादली दिली. तो गव्हाणीशी बसला. गायी रवंथ करत होत्या, शेपट्या हलत होत्या, कुठेतरी एक वासरू दाव्याला ओढ देत होतं. बऱ्याच वेळाने त्याने कडेच्या गाईकडे बोट दाखवलं.

"हिची काढायची राहिलीय का?"

"राहिलीय. पण तिला आहेच किती!"

"मी काढू?"

ताईने त्याला भांडं दिलं. त्याने गाईच्या कुशीला कपाळ टेकलं आणि धार काढायला बसला. दूध भांड्याच्या तळाशी पडायला लागलं, बारीक आवाज करत. ते संपलं तरी त्याचे हात थांबले नाहीत. गाय निमूट उभी होती. ताईने त्याला थांबवलं नाही, ती दुसऱ्या गाईकडे वळली.